निवेदन

निवृत्तीनंतर गावाकडे राहायला जायचं नाही, असं अंबिका नवऱ्याला वर्षानुवर्षं सांगत आली होती, आणि मेजर जनरल मल्लिनाथ बिरादार यांनी दर वेळी ते शांतपणे ऐकून घेऊन शेवटी उदगीरच्या पलीकडे, कर्नाटकच्या शिवेला लागून असलेल्या धामणवाडीतच घर बांधलं. घर शेतात होतं. समोर तुरीचं रान, मागे धाकट्या भावाचं, आदिनाथचं, घर आणि मधे एक कडुनिंब. अंबिका लोह्याच्या शाळामास्तरांची मुलगी. लग्नानंतर तिचं सगळं आयुष्य छावण्यांमधल्या एकसारख्या बंगल्यांत गेलं होतं आणि या उघड्या काळ्या रानात आपला जीव रमणार नाही अशी तिची खात्री होती. जीव रमला नाही, पण सवय झाली. सकाळी मल्लिनाथराव फाट्यापर्यंत चालून येत, मग अंगणात दोघे भाऊ चहा घेत बसत, तिची जाऊ पंचफुलाबाई मागच्या दाराने गरम भाकरी पाठवी, आणि मुलगी सुकन्या बंगळुरूहून फोन करून रोज तेच विचारी, की करमतं का. करमतं, असं अंबिका म्हणे. ते पुरतं खोटंही राहिलं नव्हतं.

तुरीची रास चालू असतानाच्या एका सकाळी मल्लिनाथराव नेहमीसारखे फिरायला गेले आणि फाट्याच्या अलीकडच्या मोरीजवळ त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मोटरसायकलवर दोघे होते, तोंडाला रुमाल बांधलेले, एवढं शेळ्या घेऊन निघालेल्या एका बाईनं सांगितलं, आणि दोन दिवसांनी तीही आपण काही पाहिलं नाही असं म्हणू लागली. पोलीस आले. पंचनामा चालू असताना त्यांच्यातल्या मुख्य माणसाला एक फोन आला. तो तुरीच्या काड्यांच्या ढिगामागे जाऊन बोलून आला, आणि त्यानंतर जाईपर्यंत त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. शेतातच समाधी दिली. सिकंदराबादहून फौजेची तुकडी आली, तिनं फुलांचं चक्र ठेवलं, बिगूल वाजवला आणि ऊन उतरायच्या आत ती निघून गेली.

राज्याकडून मात्र कुणी आलं नाही. मंत्री नाही, अधिकारी नाही, दोन ओळींचा शोकसंदेशसुद्धा नाही. सरकारकडून अद्याप प्रतिक्रिया नाही, असं वर्तमानपत्रांनी काही दिवस छापलं आणि मग ते छापणंही थांबलं. लोक काहीबाही बोलत. कुणी जमिनीचा वाद म्हणे, कुणी नोकरीतलं जुनं वैर. अंबिकेला एवढंच ठाऊक होतं, की ते पुढच्या आठवड्यात मुंबईला कुणाला तरी भेटायला जाणार होते आणि कुणाला ते त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. "कळेल तुला," एवढंच म्हणाले होते.

मग फेऱ्या सुरू झाल्या. आदिनाथ गाडी चालवी आणि अंबिका शेजारी बसे. कधी लातूर, कधी नांदेड. नांदेडला जाताना वाटेत लोहा लागे. तिथं आता तिचं कुणी उरलं नव्हतं, तरी गाव जवळ आलं की ती पदर सावरून नीट बसे आणि गाव मागे पडलं की पुन्हा खिडकीला टेके. कचेऱ्यांमध्ये तिला कुणी कधी हाकलून दिलं नाही, कुणी उद्धटपणे बोललं नाही. उलट लोक उठून उभे राहत, आत बसवत, पंखा तिच्याकडे वळवत. ती निवेदन देई, समोरचा माणूस ते दोन्ही हातांनी घेई, वाचे आणि गप्प बसे. 'तपास चालू आहे' हे वाक्य सुरुवातीला ऐकू यायचं; उन्हाळा लागेपर्यंत तेही बंद झालं. खून हा शब्द तर त्या लोकांपैकी एकानंही कधी उच्चारला नाही. 'ती घटना' म्हणत, आणि तेही खालच्या आवाजात, दाराकडे किंवा बाजूला बघत, जसं आजारी माणसाच्या खोलीत त्याच्या आजाराविषयी बोलावं तसं.

"वैनी," परत येताना आदिनाथ म्हणे, "ह्या लोकाला तोंडं हायेत का न्हाईत?"

"आहेत," ती म्हणे. "चहा पितात की."

चहाची गोष्ट पहिल्यांदा नांदेडला तिच्या लक्षात आली. पोलिसांच्या वरच्या साहेबांची खोली होती. शिपायानं चहा आणला, एक कप तिच्यासमोर ठेवला, एक आदिनाथसमोर, आणि तिसरा तिच्या डाव्या हाताला रिकाम्या खुर्चीपुढे टेबलाच्या कडेला. तिला वाटलं तो साहेबांचा. पण साहेबांनी त्याला हात लावला नाही. त्यांच्यासाठी वेगळा आला. तिसऱ्या कपावर हळूहळू साय धरली. निघताना आदिनाथला तो तसा टाकून जाणं जिवावर आलं, त्यानं उभ्या उभ्या एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"बिनसाखरेचा हाय की हो," तो म्हणाला.

अंबिकेला वाटलं, चूक कुणाकडूनही होते. मल्लिनाथरावांना साखरेचा त्रास होता आणि ते कुठंही गेले तरी बिनसाखरेचा चहा मागत, ही गोष्ट तिनं मनातल्या मनातसुद्धा त्या कपाशेजारी ठेवली नाही. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, की वाटेत कुठंतरी पाणी घेऊ. आदिनाथनं गाडी थांबवली, बाटली आणली, आणि दोघं घरी आली.

पण पुढच्या खेपेला लातूरच्या कचेरीत ती पुन्हा थबकली. तिथं शिल्पा तोंडारे नावाच्या एक उपजिल्हाधिकारी होत्या. चाळिशीच्या, डोळ्यांखाली कायमची काळी वर्तुळं असलेल्या, आणि सगळ्या अधिकाऱ्यांमध्ये अंबिकेला त्यातल्या त्यात माणूस वाटणाऱ्या. त्यांच्या टेबलासमोर तीन खुर्च्या होत्या आणि डावीकडच्या खुर्चीवर कागदांचे गठ्ठे. अंबिका आणि आदिनाथ आत आल्याबरोबर शेषेराव नावाचा म्हातारा शिपाई लगबगीनं पुढे झाला, त्यानं गठ्ठे उचलून खिडकीत ठेवले, खांद्यावरच्या फडक्यानं खुर्ची पुसली आणि अदबीनं बाजूला सरकला. बसणारी दोघंच होती. दोघांच्या खुर्च्या मोकळ्याच होत्या. मॅडमनी मान किंचित लववून आधी त्या खुर्चीकडे पाहिलं आणि मग अंबिकेकडे.

एकदा दिसायला लागल्यावर मग ते सगळीकडे दिसू लागलं. फाटकावरचा पोलीस तिला सलाम करी, पण त्याची नजर तिच्या डोक्यावरून थोडी वर, एका उंच माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीला असे. एकदा गाडी नादुरुस्त होती म्हणून दोघं एसटीनं गेली. बसमध्ये उभ्यानं माणसं होती, आणि अंबिकेच्या पलीकडच्या जागेवर बसू पाहणाऱ्या एका बाईला कंडक्टरनं "तिथं न्हाई, मावशी, पुढं सरका" म्हणून पुढं पाठवलं. आदिनाथ गर्दीत पार मागे अडकून उभा होता. त्यानं हे पाहिलं नाही. त्याला सांगावं असं तिला वाटलं आणि काय सांगायचं ते सुचलं नाही. गावातली, बाजारातली, नात्यातली माणसं मात्र पूर्वीसारखीच वागत. मेलेल्या माणसाची बायको म्हणून तिच्याकडे बघत, हळहळत, विसरत. जे काय होतं ते फक्त सरकारी माणसांपुरतं होतं.

मे महिन्यात एका दुपारी वीजकंपनीचा लाइनमन मीटर बघायला आला. अंबिका ओसरीत गहू निवडत होती. तो पायरीशी आला, चपला काढल्या, आतल्या खोलीकडे पाहिलं आणि एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "मीटर बघून जातो बाई. साहेब पडलेत, न्हाई तर हाक मारली असती."

तिचे हात सुपात थांबले. "कोण पडलंय?"

तो गोंधळला. आपण काहीतरी बोलू नये ते बोललो असं त्याला वाटलं असावं. "न्हाई, म्हणलं, झोपमोड नको," असं पुटपुटत त्यानं मीटरचा आकडा टिपला आणि चपला हातात घेऊनच तो निघून गेला. अंबिका उठून आतल्या खोलीत गेली. पलंगावर पांढरी चादर होती, तिनं सकाळी घातलेली, एकही सुरकुती नसलेली. ती दारात बराच वेळ उभी राहिली. मागच्या अंगणातून पंचफुलाबाईनं हाक दिली, "ओ अक्का, गहू तसेच टाकून कुठं गेलाव? चिमण्या खायल्यात!" तेव्हा ती बाहेर आली.

त्यानंतरच्या खेपेला शिल्पा मॅडमच्या खोलीत तिचा बांध फुटला. आदिनाथ बाहेर गाडीपाशी होता. ती आत एकटीच होती, निवेदन टेबलावर होतं आणि मॅडम नेहमीसारख्या गप्प होत्या.

"तुम्ही बोलत का नाही?" अंबिका म्हणाली. आपला आवाज इतका चढू शकतो हे तिला ठाऊक नव्हतं. "शिव्या द्या, हाकलून द्या, खोटं सांगा. पण माझ्या नवऱ्याला कुणी मारलं यावर तुम्ही एक शब्द बोलत का नाही?"

मॅडमचा चेहरा पडला. त्यांनी घाईनं डावीकडच्या खुर्चीकडे पाहिलं, जणू तिथल्या कुणाची माफी मागावी तसं, आणि पुढे वाकून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, माणसाच्या तोंडावर त्याच्याबद्दल असं कसं बोलायचं? तुम्हीच सांगा. तुम्ही दर वेळी त्यांना सोबत घेऊन येता."

पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. अंबिकेनं खुर्चीकडे पाहिलं. हिरव्या रेक्झिनची, हातावरचा रंग उडालेली, कुठल्याही कचेरीत असते तशी रिकामी खुर्ची होती. या बाई आपली चेष्टा करत आहेत असं तिला क्षणभर वाटलं. पण त्यांच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती, नुसता थकवा होता, आणि तो थकवा तिच्या ओळखीचा होता.

ती बाहेर आली. व्हरांड्याच्या टोकाला शेषेराव माठात पाणी ओतत होता. ती त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली. बोलायचं कसं हेच तिला कळेना, आणि मग तिनं अगदी साधं विचारलं, जसं गावाला जाऊन आलेल्या माणसाला विचारावं तसं.

"मामा, ते कसे दिसतात?"

शेषेरावानं घागर खाली ठेवली. त्याला या प्रश्नाचं नवल वाटलं नाही. तुम्हाला माहीत नाही का, असंही त्यानं विचारलं नाही. "बारीक झालेत," तो म्हणाला. "लई बारीक झालेत, बाई. आणि दाढी वाढलीय. पहिल्यांदा आले तवा नुसते खुंट होते; आता चांगली छातीकडं आली."

अंबिकेनं माठाशेजारच्या कठड्याला हात टेकला. आयुष्यभर ते दाढी केल्याशिवाय घराबाहेर पडले नव्हते. फक्त त्या सकाळी वीज नव्हती, पाणी तापलं नव्हतं, आणि ती चूल पेटवून पाणी ठेवते म्हणाली तर ते हनुवटीवरून हात फिरवत म्हणाले होते, "राहू दे, एक दिवस. कोण बघतंय?" हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. सुकन्यालाही नाही.

"माझ्याकडे बघतात का?" तिनं विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "ते मॅडमकडं बघत बसतेत. आता बोलतील, मग बोलतील, अशी वाट बघत असल्यावाणी. तुम्ही निघालाव की उठतेत, तुमच्या मागं चालतेत. लई थकलेत बाई ते. चालवत न्हाई त्यांच्यानं."

त्या दिवशी परतताना ती मागच्या सीटवर बसली. आदिनाथनं आरशातून पाहिलं. "का हो वैनी, बरं वाटंना का?" पाय जरा लांब करते, असं ती म्हणाली, पण पाय तिनं जवळ घेतले होते आणि ती एका कडेला, दाराला लागून बसली होती. उदगीर येईपर्यंत तिनं शेजारच्या मोकळ्या जागेवर हात पालथा ठेवला होता. हाताला काही लागलं नाही. सीट उन्हानं तापली होती, तेवढंच.

मग ती वारंवार जाऊ लागली. काम असो नसो. निवेदनात लिहायला नवीन काही उरलं नव्हतं, तेव्हा ती जुनंच पुन्हा उतरवून काढी. कपाटातून तिनं त्यांना आवडणाऱ्या दोन साड्या बाहेर काढल्या. कचेरीत गेल्यावर ती डावीकडच्या खुर्चीच्या हातावर आपला हात टेकवून बसे आणि बोलावणं उशिरा आलं तर तिला बरं वाटे. शेषेरावाला ती लहानसहान गोष्टी विचारी. आज स्वेटर आहे का? खोकला येतो का? तो एका वाक्यात उत्तर देई आणि आपल्या कामाला लागे. घरी मात्र ती पुन्हा एकटी असे, कारण घरात कुणी सरकारी माणूस नव्हतं. एकदा तर तिनं मुद्दाम मीटरची तक्रार केली. लाइनमन आला, पण दुसराच होता. नवा होता की काय कोण जाणे, त्यानं आत पाहिलंच नाही आणि ती दिवसभर चिडचिडत राहिली.

आदिनाथ थकला होता. रान तयार करायचं होतं, बियाणं आणायचं होतं, आणि भावाच्या मरणाचा राग माणसाला किती महिने उभा ठेवील याला मर्यादा असते. एक दिवस गाडी पुसता पुसता तो म्हणाला, "वैनी, एक इचारू का? ह्या लोकाकडून काय मिळंल असं वाटतंय का तुमाला अजून?"

"मिळेल," ती म्हणाली.

"मला न्हाई वाटत. पर तुमी म्हणाल तवा नेतो मी. माझ्या सपनात दादा येतो. काय बोलत न्हाई. नुसता उभा ऱ्हातो, जसं माझंच काम अडून बसलंय." त्यानं फडकं पिळलं. "त्याचं काम व्हायला पायजे, वैनी. मग तो जाईल."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. हा काळा, राबलेला, अंगावर मातीचा वास असलेला माणूस भावासाठी दर फेरीला आपलं रान सोडून येत होता, आणि आपण त्याला काहीच सांगितलेलं नाही, ही टोचणी तिला तेव्हा लागली. पण ती सांगू शकली नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, की मग तर दादाला लवकर मोकळं करू, आणि ते बरोबरच होतं.

दरम्यान बंगळुरूला सुकन्या गप्प बसली नव्हती. तिनं वकील गाठले, एका आमदाराला गाठलं, निवृत्त फौजी अधिकाऱ्यांच्या सह्या मिळवल्या. पावसाळी अधिवेशनात प्रश्न लागला. एका सकाळी तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती की हसत होती ते अंबिकेला चटकन कळलं नाही.

"आई, सरकार बोलणार आहे. उद्या सभागृहात निवेदन करणार आहेत. नावं सांगणार आहेत, आई. तुला आज लातूरहून बोलावणं येईल. फक्त हो म्हण. ऐकतेस ना?"

"ऐकतेय," अंबिका म्हणाली.

बोलावणं आलं. वाटेत आदिनाथ सारखा बोलत होता. इतक्या महिन्यांत त्याचा चेहरा असा मोकळा झालेला तिनं पाहिला नव्हता. बाबांच्या समाधीशेजारी दादाची बांधून घ्यायची, दगड उदगीरच्या कारागिराकडून घ्यायचा, गावजेवण घालायचं. "आता बगा, जे गावात तोंड वर करून बोलत हुते ना, की बिरादाराचंच काय तरी काळंबेरं आसंल, त्यांची तोंडं बंद हुतील." कचेरीच्या आवारात त्यानं गाडी उभी केली आणि डोळे पुसले. "तुमीच जावा आत. मी हितंच थांबतो. माझ्यानं ऐकवणार न्हाई, मी रडंन तिथं."

ती एकटी आत गेली. शेषेराव दारात होता. त्यानं नेहमीसारखं "या" म्हटलं नाही. नुसता बाजूला झाला. खोलीत शिल्पा मॅडम होत्या आणि टेबलावर काहीच नव्हतं. अंबिका तिच्या नेहमीच्या खुर्चीवर बसली. तिचा हात सवयीनं डावीकडे गेला आणि खुर्चीच्या हातावर टेकला.

"उद्या दुपारी निवेदन आहे," मॅडम म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या मोकळ्या आवाजात बोलत होत्या. "कुणी केलं, का केलं, कुणाच्या सांगण्यावरून केलं आणि आम्ही इतके दिवस का बोललो नाही, सगळं त्यात आहे. मी वाचलंय. त्यात काही लपवलेलं नाही. घरच्यांची हरकत नाही ना, एवढं विचारून मला वर कळवायचं आहे."

"आणि हरकत असली तर?"

मॅडमनी नवलानं पाहिलं. "तर ते मागे घेतील. त्यांना तेवढंच निमित्त हवं आहे. मग पुन्हा कधी निघेल, सांगता येत नाही. आता आहे तसंच राहील."

"आणि निवेदन झालं तर?"

"तर आमच्याकडचं प्रकरण मिटलं." त्या थांबल्या. पुढचं बोलताना त्यांनी नजर टेबलावर ठेवली. "मिटल्यावर इथं कुणी बसून राहत नाही, मॅडम. मी पाहिलंय. आधीही काही जण होते."

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती दोनतीनदा खोकली आणि बंद पडली. अंबिकेला एकदम फार दमल्यासारखं वाटलं. एवढे महिने ती ज्या वाक्यासाठी वणवण करत होती ते वाक्य आता कुणीतरी लिहून ठेवलं होतं, आणि उद्या दुपारनंतर त्या शेतातल्या घरात, त्या पांढऱ्या चादरीच्या खोलीत, या कचेरीत, एसटीत, फाटकावर, कुठंही कुणीही तिच्या डावीकडे पाहणार नव्हतं. सगळे तिच्याशी नीट बोलतील. सांत्वन करतील. तिला सुकन्याचा सकाळचा आवाज आठवला, बाहेर डोळे पुसणारा आदिनाथ आठवला. काय म्हणायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"आज ते कसे आहेत?" तिनं विचारलं.

मॅडमनी मान वर केली आणि अंबिकेच्या डावीकडे, खुर्चीच्या पाठीच्या बऱ्याच वर पाहिलं.

"उभे आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत आलात तेव्हापासून उभेच आहेत. कपडे नीटनेटके करून, ताठ. इतक्या दिवसांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. निघायच्या तयारीत असल्यासारखे."

अंबिकेनं खुर्चीच्या हातावरचा हात काढून मांडीवर घेतला. पदर सावरला. लोहा जवळ आल्यावर बसे तशी नीट बसली.

"आमची हरकत आहे," ती म्हणाली.

"मॅडम..."

"हरकत आहे म्हणून कळवा." आणि मग अगदी हळू, घरातल्या घरात बोलावं तशा आवाजात ती म्हणाली, "त्यांना बसायला सांगा."

शिल्पा मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास आला, मग काहीतरी भीतीसारखं, आणि शेवटी पुन्हा तोच जुना थकवा पसरला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सर," त्या डावीकडे बघत म्हणाल्या, "बसा."

बराच वेळ काही झालं नाही. मग अंबिकेच्या डाव्या हाताला, त्या जुन्या रेक्झिनच्या गादीतून, फार थकलेलं माणूस बसल्यावर निघते तशी, हवा हळूहळू बाहेर पडल्याचा आवाज आला.